पेणची मंडळी, एक घर

बाई, सलाम.

रविवारी पेणच्या चर्चमध्ये तुमची स्मरणसभा झाली. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर होतो. बोलणारे सगळे चांगलं बोलले. पण एक जण म्हणाले, "त्या पुराच्या वर्षी रूथबाईंनी खाडीकाठच्या गावात स्वतःच्या हातांनी चादरी वाटल्या." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. अशा सभेत उठून कुणाला खोटं पाडायचं नसतं, एवढं धंद्यानं मला शिकवलंय. पण ते वाक्य घरी आल्यावरही कानातून जाईना. माझे कान कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

बाई, तुम्ही एकही चादर वाटली नाहीत. सगळ्या चादरी बांधात घातल्या. तुम्हाला तिथं नेणारा टेम्पो मी चालवत होतो, मग हे मी नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? आणि दुसरं असं, की दफनाच्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकापाशी त्याच गावचा, बेडेखारचा एक माणूस मला एक प्रश्न विचारून गेलाय. त्याचं उत्तर द्यायच्या आधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

त्या वर्षी पाऊस आठवडाभर तुटलाच नाही, आणि त्यातच पौर्णिमेचं उधाण आलं. वरून डोंगराचं पाणी आणि खालून खाडीचं. रोह्यात नदी बाजारात शिरली, पेणमध्ये गल्ल्या भरल्या. पण ते पाणी दोन दिवसांत उतरलं. बेडेखारचं पंधरवडा होत आला तरी उतरलं नाही. धरमतरच्या खाडीला लागून असलेलं ते गाव. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध, आणि त्या बांधाला खांड पडली होती. खांड म्हणजे भगदाड, माझा टेम्पो आरपार गेला असता एवढं. दर भरतीला खारं पाणी आत यायचं, नुकत्याच लावलेल्या भातात फिरायचं, आणि ओहोटीला सावकाश बाहेर जायचं.

आपल्याला यातलं काय कळत होतं? आपल्यात होते कोण, तर शाळामास्तर, नर्सबाई, रोह्याच्या कंपनीतले फिटर, रेल्वेतले दोघं. सगळे घाटावरून आलेले. तुम्ही तर जालन्याकडच्या, जिथं पाण्याची वाट बघतात. पूर म्हटल्यावर आपल्याला चादरी, बिस्किटं आणि मेणबत्त्या सुचल्या. मुंबईहून चादरींचे गठ्ठे आले. आपले सेक्रेटरी मनोहरराव यांनी कापडी फलक रंगवून घेतला, पेणमधला फोटोवाला सांगून ठेवला.

तुमच्या साहेबांनी, आपल्या पाळकांनी, बेडेखारच्या किराणा दुकानात फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी आमची मंडळी तुमच्याकडे येते आहे. दिवसभर राहील, जमेल ते करील. काळजी करू नका."

पलीकडून एक जाड आवाज म्हणाला, "मंडळी येनार? सवता? बरा, बरा. धाडा. आमी हाय."

साहेबांना त्यात काही खटकलं नाही. आपण चर्चच्या आत इतकी वर्षं 'मंडळी, मंडळी' करत आलो, की आपल्याला मंडळी म्हणजे रविवारी बाकांवर बसणारे सगळे. चर्चच्या बाहेर पाऊल टाकलं की 'आमची मंडळी' म्हणजे बायको, हे पाळकांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा टेम्पो चादरी घेऊन आणि मागून एक ट्रक माणसं घेऊन निघाला. वडखळच्या नाक्यापुढे चाकं अर्धी चिखलात. गावात पोचलो तर देवळासमोर सगळं गाव उभं. पुढे हसुराम म्हात्रे, बांधाच्या कामाचा म्होरक्या, डोक्यावर स्वच्छ टोपी. त्याची बायको जनाबाय ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात ओटीचं ताट. घरात गुडघाभर चिखल आणि ताटात खण, नारळ, तांदूळ! मी म्हटलं, ही पूरग्रस्त गावाची तऱ्हा नव्हे.

आपली माणसं ट्रकमधून उतरू लागली आणि मला मागून बायकांचं कुजबुजणं ऐकू आलं.

"यातली कंची गो?"

"ती निल्या पदराची असंल."

"ती नर्सबाय. माझ्या सुनंचा बालंतपन तिनंच केला."

"मंग चष्म्याची?"

"ती कशी असंल, तिचा नवरा तिच्या संगती उतरला. आलीच नाय गो ती."

हसुराम पुढे झाला आणि साहेबांना म्हणाला, "मंडळी कुठं हाय?"

साहेबांनी हात फिरवून सगळा ट्रक दाखवला. "ही काय. सगळी आमचीच."

"सगली?" हसुराम म्हणाला. मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. पण एक तरुण जरा मोठ्यानं बोलला, "बायकोला धाडतो म्हनला, आनि धाडली चादरींची गाडी. घ्या चादर आनि चला त्यांच्या देवलात." हसुरामनं त्याला गप्प केलं नाही. तिथं मला कळलं की काम बिघडलंय. ज्या गावात अजून पाणी खेळतंय तिथं हा पाळक आपली बायको पाठवतोय, म्हणजे माणूस सरळ असणार, एवढ्या एका गोष्टीवर गाव आपल्याला सामोरं आलं होतं. आणि तीच गोष्ट गाडीत नव्हती.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, त्यांनी बाईंची वाट पाहिलीय."

"कोणत्या बाईंची?"

"तुमच्या."

साहेबांचे कान लाल झाले. "मी असं कधी म्हटलं?"

"काल. फोनवर."

चादरी उतरवल्या आणि रिकामा टेम्पो पेणला पळवला. तुम्ही चर्चमागच्या घरी खिचडीचं पातेलं ढवळत होतात. आपल्या गल्लीतली घरं पुरानं पडली होती, ती कुटुंबं चर्चमध्ये झोपत होती आणि त्यांचं दोन वेळचं तुमच्याकडे होतं. मी सगळं सांगितलं.

"दाविद, मी तिथं जाऊन काय करू? मला त्या खाडीची भीती वाटते."

"काही करू नका बाई. नुसतं दिसा."

तुम्ही डाव हातात धरून हसलात. "लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला एकदा आमची मंडळी म्हटलं नाही. म्हटलं तेही चुकून, आणि परक्या गावाला." मग डाव शेजारच्या बाईच्या हातात दिलात आणि साडीसुद्धा न बदलता टेम्पोत चढलात. वाटेत एवढंच विचारलंत, "रागावलेत का ते?" मी म्हटलं, "रागावले असते तर बरं होतं. गप्प बसलेत."

जनाबायनं तुमचा हात धरून तुम्हाला घरात नेलं. पाट मांडला, पाय धुवायला तांब्या आणला. मी दारात उभा. आत सुनेचा आवाज आला, हळू, फक्त सासूला ऐकू जावा असा: "आई, हंड्यातला घोटभर घेऊ? घसा सुकलाय." आणि जनाबायचा: "नाय गो. तो पावनीचा हाय. होडी सांजला जाईल, तवा आपल्याला."

तुम्ही तांब्या पायावर कलता केला होतात.

"बाई, पाय धुऊ नका," मी दारातूनच बोललो. "ते पिण्याचं आहे."

तुम्ही तांब्या तसाच सरळ केलात, सुनेला हाक मारलीत आणि तिच्या हातात दिलात. तिनं सासूकडे बघितलं. सासूनं जमिनीकडे. मग तुम्ही विचारलंत, "विहिरीला काय झालं?"

"विहीर खारी झाली, बाय. त्याचा काय नाय, पानी पल्याडच्या गावातून होडीनं आनू. पन अवसेच्या उधानाच्या आदी खांड बुजली नाय तर सगला गेला. खार एकदा जमिनीत बसला का दोन-तीन सालं भात नाय. पोरं मुंबईचा रस्ता धरतील. गावात मी आनि माझा म्हातारा."

"मग बुजवत का नाही?"

"मानसा नाय. आमचा जोल हाय, घरटी येक मानूस बांधावर. पन अर्धी घरं कंपनीत शिफ्टला, निम्मी तापानं पडलेली. सरकारी काम येल तवा येल. अवस उद्यावर आली, थांबतंय काय?"

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लिहिताना जोळ, त्यांच्या तोंडी जोल. बांध सगळ्यांचा, म्हणून दर घरानं एक माणूस द्यायचा. ज्याचा माणूस बांधावर, ते घर गावात धरलं जातं.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा मनोहरराव दोन खांबांना फलक बांधत होते. फोटोवाल्यानं गठ्ठे उतरवतानाचा फोटो तोवर काढून घेतला होता. तोच अजून चर्चच्या भिंतीवर आहे, आणि रविवारचं ते वाक्य त्याच फोटोतून आलंय.

"मनोहरराव, फलक राहू द्या. पँट दुमडा."

"बाई, आपण मदत द्यायला आलोय. चिखल उपसायला मजूर मिळतात."

"मिळत नाहीत, म्हणून तर सांगते."

"पण मुंबईला वाटपाचं कळवायचंय."

तुम्ही पदर खोचलात आणि बांधाकडे चालू लागलात. टेम्पोच्या खिडकीतून खाडी दिसली तरी डोळे मिटणाऱ्या तुम्ही! साहेबांनी एकदा तुमच्या पाठीकडे बघितलं आणि खाली बसून बूट काढले. मग बाकीचे काय करणार होते?

बांधावर हसुराम नारळ घेऊन उभा होता. खाडीला नारळ दिल्याशिवाय तिथं कामाला हात लावत नाहीत. आपली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मनोहरराव माझ्या कानाशी म्हणाले, "आता हे आपल्याला चालणार का?" साहेब शांतपणे हसुरामला म्हणाले, "तुमचं तुम्ही करा. आमची प्रार्थना गाडीतच झाली." हसुरामनं नारळ फोडला, गावच्या माणसांना खोबरं वाटलं. मग पिशवीतून दुसरा नारळ काढून तुमच्यापुढे धरला. "बाय, हा देवाला दावलेला नाय. तुमचा तुमी फोडा आनि खा." हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कंपनीत आपल्यातलं कुणी शेजारी जेवायला बसत असेल, तेवढ्यावरून त्यानं ओळखलं, की आपण नैवेद्याचं खात नाही.

मग काम. खुंट ठोकायचे, त्यांच्या आड पेंढा दाबायचा, वर चिखलाचे गोळे. ओहोटी असेपर्यंतच, कारण भरती लागली की थांबावं लागे. आपली रांग लागली आणि गोळे हातोहात जाऊ लागले. निम्मा गोळा वाटेतच अंगावर सांडायचा.

"फिटरसायब, झेला नीट. पगार नाय कापनार," हसुराम ओरडायचा.

जनाबाय तुम्हाला म्हणाली, "बाय, टोपलीवानी धरू नको गो, लेकरावानी धर." सकाळी तुम्ही पावनी होतात. संध्याकाळपर्यंत 'गो' झालात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परत गेलो. ती अमावास्या. या वेळी कुणाला बोलवावं लागलं नाही, फलक कुणी मागितला नाही. सकाळची ओहोटी संपेपर्यंत खांड बुजली. दुपारी उधाण चढायचं होतं. सगळं गाव आणि आपण सगळे बांधावर बसून बघत होतो. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली हातभर येऊन उभं राहिलं, आणि नव्या मातीला एका जागी पाझर फुटला. आधी बोटाएवढा. बघता बघता मनगटाएवढा.

"पेंढा आना, पोती आना!" हसुराम खाली उतरत ओरडला. पेंढा संपला होता.

तुम्ही मनोहररावांकडे वळलात. "चादरी."

"बाई, त्या लोकांसाठी दिलेल्या आहेत."

"लोकांसाठीच जातायत."

मग मनोहररावच पळाले, देवळातून पहिला गठ्ठा त्यांनीच खांद्यावर आणला आणि दातांनी दोरी तोडली. काल ज्या तरुणानं टोमणा मारला होता तो छातीभर पाण्यात उभा राहून चादरी भोकात कोंबत होता. नव्या कोऱ्या, रेघारेघांच्या. वरून चिखल, वरून पाय. एकेक करत सगळा टेम्पो त्या बांधात गेला. पाणी तसंच उभं राहिलं, बराच वेळ. मग एक ओली रेघ बांधावर ठेवून खाली सरकलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हसुराम बांधावर मटकन बसला आणि जनाबायनं त्याच्या टोपीतलं पाणी पिळलं.

तुम्हाला आवडणार नाही म्हणून वाढवून सांगत नाही. खालच्या अंगाची शेतं खारवलीच, त्यांना पुढं दोन वर्षं भात आलं नाही. वरच्या अंगाची वाचली. गाव राहिलं.

निघताना हसुरामनं जोळातली घरं मोठ्यानं म्हणून दाखवली. बांधाचं काम उरकलं की म्हणतात, कुणाचा माणूस आला आणि कुणाचा नाही ते सगळ्यांना कळावं म्हणून. म्हात्र्यांची घरं झाली, पाटलांची झाली, ठाकुरांची झाली. मग तो आपल्याकडे बघून म्हणाला, "पेनची मंडळी, येक घर."

"येक कसा?" जनाबाय म्हणाली. "येवडी मानसा हायत."

"येका बाईच्या मागनं आली. म्हंजे येकच घर."

आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, म्हाताऱ्यानं गंमत केली आणि झालं.

बाई, तुम्हाला ती गंमत वाटली नव्हती, हे मला तुमच्या दफनाच्या दिवशी कळलं. हसुरामचा मुलगा काशिनाथ आला होता. त्यानं सांगितलं, की बाय दरसाल पावसाआधी, बांधाला माती घालायच्या दिवशी, यायच्या. साहेब रिटायर होऊन तुम्ही रोह्याला राहायला गेलात तरी. साहेब गेल्यावरही. एसटीनं वडखळला उतरायच्या, पुढं मिळेल ते वाहन. वय झाल्यावर एक गोळा टाकायच्या आणि जनाबायच्या हातची भाकरी खाऊन परत.

वडखळच्या नाक्यावर माझं गॅरेज आहे, बाई. बाहेर माझ्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्यावर ठळक अक्षरात माझं नाव आहे. तुम्ही त्यांच्यासमोरून एसटीतून उतरत होतात आणि एकदाही आत डोकावला नाहीत? एक हाक मारली असतीत तर काय बिघडत होतं?

मग मीच विचार केला, तुम्ही का सांगितलं नसेल. सांगितलं असतंत तर मी लगेच म्हटलं असतं, बाई, तुम्ही कशाला, मी चार माणसं पाठवतो. आणि तुम्हाला नेमकं तेच नको होतं. संडे स्कूलमध्ये मला तुम्ही शिकवलंय. माझी नस तुम्हाला ठाऊक होती.

काशिनाथनं मला फाटकापाशी गाठलं. "दाविदशेट, औंदा तुमच्या घरचा कोन येनार?"

"माझ्या घरचा?"

"मंडळीच्या घरचा. बाय आजारी पडल्यापासून कोन आलाच नाय. बाय बरी व्हईल म्हनून आमी थांबलो. औंदा कोनी नाय आला तर नाव जाईल. गावाचा कायदा हाय, माझा नाय."

मी म्हटलं, "अरे, मी जेसीबी पाठवतो. दोन दिवस ठेवा. डिझेल माझं, ड्रायव्हर माझा."

काशिनाथ बापासारखाच आहे, हसतो तेव्हा कळत नाही कुणाला हसतोय. "जेसीबी आना. लई बरा व्हईल. पन जेसीबी घरात धरत नाय. मानूस पायजे."

मी आयुष्यभर सौदे करत आलोय, बाई. समोरच्याला काय हवंय आणि तो किती खाली येईल, हे मला आवाजावरून कळतं. काशिनाथचा आवाज एक इंचही खाली येणार नव्हता.

रविवारी तुमच्या सभेनंतर चहाच्या वेळी मी हा विषय काढला. एक जण म्हणाला, फंड काढू. दुसरा म्हणाला, युवक संघाला विचारू. युवक संघ म्हणाला, परीक्षा आहेत. माझ्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, "पप्पा, मॅनेजरला पाठवा की." मला राग आला नाही. मीही काशिनाथला तेच म्हणालो होतो, फक्त मॅनेजरच्या जागी जेसीबी. मग कोपऱ्यातून मनोहरराव काठी टेकत उठले. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, पण 'बेडेखार' तेवढं ऐकू आलं असावं. म्हणाले, "मला खुर्ची देत असाल तर मी बसून गोळे वळीन." म्हणजे मला एकट्याला जावं लागणार नव्हतं, आता दोघं झालो.

गुडघ्यांबद्दल डॉक्टर जे सांगतो ते मी डॉक्टरकडेच ठेवून येणार आहे. बायकोनं जुनी हाफपँट शोधून ठेवलीय आणि वर म्हणाली, "फोटो पाठवा, त्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही." फोटो काढणार नाही, असं तिला सांगितलंय.

तेव्हा बाई, शब्द देतो. माझे पाय चालतायत तोवर दर वर्षी त्या बांधावर आपल्या घरचा माणूस दिसेल, आणि माझ्यानंतर कोण, ते मी चालतोय तोवरच ठरवून ठेवीन. काशिनाथचा काल फोन आला होता. शनिवारी सकाळच्या ओहोटीला काम धरणार आहेत. मी आणि मनोहरराव आधी पोचतो. जेसीबी मागून येईल.

तुमचा,
दाविद